थोरला अर्थ

खुर्ची तशी वाईट नव्हती. पाठीला उशी, कोपरांना टेकू, डाव्या हाताला खिडकी आणि समोर कोशाच्या कचेरीतलं लांबलचक टेबल. अशा खुर्चीसाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात. कात्रीला ती आयती मिळाली होती, आणि तिला तिच्यावर धड टेकता येत नव्हतं. सकाळी आली की ती खुर्चीच्या कडेवर बसायची. कुणी उठवायला येण्याआधी आपणच उठलेलं बरं, अशा बेतानं.

कात्री हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत अर्थ देणाऱ्या त्या मोठ्या कोशात ती उपसंपादक होती, आणि कुठे पाल्हाळ दिसला की छाटायला तिचे हात शिवशिवायचे. दोन अर्थ एकसारखे वाटले की एकाला उडवायची. म्हणून तात्यांनी तिचं नाव कात्री ठेवलं, आणि पुढे तिच्या नवऱ्यानंही तेच उचललं. तात्या म्हणजे मुख्य संपादक. म्हणजे परवापरवापर्यंत होते. खुर्ची त्यांचीच.

तात्यांचा कोशाचा एक नियम होता आणि त्यावर ते कुणाचंही ऐकत नसत. एका शब्दाचे अनेक अर्थ असले तर ते वयाप्रमाणे बसवायचे. जो अर्थ भाषेत आधी जन्मला तो थोरला, त्याला पहिला क्रमांक. मग मधले, मग धाकटे, शेवटी शेंडेफळ. थोरला म्हातारा झालेला असो, आज त्याला कुणी विचारत नसो, पंगतीत पहिलं पान त्याचंच. अर्थांच्या खाली उदाहरणांची वाक्यं वेगळी छापायची, आणि कुठलं वाक्य कुठल्या अर्थाचं ते आकड्यानं जोडायचं. पहिलं वाक्य पहिल्या अर्थाचं, दुसरं दुसऱ्याचं. सोपा हिशेब होता.

भांडण झालं ते 'कन्व्हीनियंट' या शब्दावरून. शाळकरी पोरालाही माहीत असलेला शब्द. सोयीचा, सोयीस्कर, संपलं. पण तात्यांनी 'कन्व्हीनियन्स' या त्याच्या नामासकट त्याची सगळी कुळकथा एकाच नोंदीत मांडून ठेवली होती, आणि पहिल्या क्रमांकावर बसवलं होतं 'उचित, शोभेल असे'.

"तात्या, हा अर्थ मेलाय," कात्री म्हणाली होती. "आज कुणी इंग्रज माणूससुद्धा असं बोलत नाही. लोक कोश उघडतात, पहिला अर्थ वाचतात आणि मिटतात. मढं कशाला दारात ठेवायचं?"

"मेला तरी बाप आहे तो बाकीच्यांचा," तात्या म्हणाले. "थोरल्याला उठवायचं नाही."

टेबलावरचे सगळे हसले. कात्रीही हसली. पण तिच्या मनात ते राहिलं. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही, आणि हीच तर खरी पंचाईत. चुकीच्या माणसाला समजावता येतं, अर्ध्या बरोबर माणसाच्या नादी कुणी लागू नये.

तात्यांनी शेवटचं वाचन करून तो भाग छापखान्यात पाठवला. आणि एक दिवस, तात्या जेवायला घरी गेले असताना, कात्रीनं छापखान्याला फोन लावला. 'उचित' हा अर्थ क्रमांकातून काढा, वर शब्दाच्या इतिहासाच्या ओळीत घाला, बाकीचे अर्थ एकेक वर सरकवा. छापखानेवाला चिवट माणूस. तो म्हणाला, "बाई, शेवटच्या वाचनानंतर तात्यांशिवाय कुणाचा बदल घेत नाही आम्ही."

"तात्यांचाच बदल आहे," कात्री म्हणाली. "त्यांनी मला सांगायला सांगितलंय."

इतकंच. पुस्तक हातात आल्यावर तात्यांना सांगू, ते दोन दिवस फुगतील, मग म्हणतील, बरी दिसते गं ओळ. असं तिनं गृहीत धरलं होतं. तात्यांचा राग तिला ठाऊक होता. बुडबुड्याइतका टिकायचा.

पण अर्थ वर सरकले आणि उदाहरणांची वाक्यं होती तिथेच राहिली. कात्रीच्या ते ध्यानातच आलं नाही. सगळी पंगत एकेक पान पुढे सरकली आणि ताटं मात्र जुन्या जागी. 'वडिलांना असं बोलणं मुलाला शोभत नाही' हे उचिताचं वाक्य जाऊन चिकटलं सोयीला. आणि पाचव्या क्रमांकाचं, 'कृपया आपल्या सोयीने आमच्याकडे या' हे आर्जवी वाक्य, चिकटलं शेंडेफळाला. शेंडेफळ म्हणजे या शब्दाच्या घरातला सगळ्यात नवा अर्थ: 'पब्लिक कन्व्हीनियन्स', सार्वजनिक शौचालय. सहावं वाक्य बिचारं अर्थाशिवायच लोंबकळत राहिलं.

व्हायचं तेच झालं. वर्तमानपत्राच्या विनोदी सदरात 'कोशकारांचे आग्रहाचे आमंत्रण' असा मथळा आला आणि गावभर हसं झालं. संचालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. संचालक हा कोश कमी उघडणारा आणि वर्तमानपत्र जास्त उघडणारा माणूस. त्यांनी छापखानेवाल्याला फोनवर घेतलं, सगळ्यांना ऐकू येईल असं.

"बाईंचा फोन होता," छापखानेवाला म्हणाला. "तात्यांचा बदल आहे म्हणाल्या."

"तात्या," संचालक म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत?"

आता हेही सांगायला हवं, की त्याच आठवड्यात तात्यांनी कपाळावरचा चष्मा कचेरीभर शोधला होता आणि टायपिस्टला तिच्या आधीच्या टायपिस्टच्या नावानं हाक मारली होती. तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसलं नाही. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते आठवलं, आणि तात्यांनाही आठवलं.

तात्यांनी कात्रीकडे पाहिलं. त्या बघण्यात संशय नव्हता. शेजारच्याला आज वार कोणता असं विचारावं, तसं ते बघणं होतं. कात्रीच्या हातात डिंकाची बाटली होती. झाकणावर सुकलेला डिंक ती नखानं खरवडत राहिली. तात्या 'नाही' म्हणतील, मग आपण बोलू, असं ती स्वतःला सांगत होती. त्यांनी 'नाही' म्हणण्याची ती वाट पाहत होती.

"सांगितलं असेन," तात्या म्हणाले. "हल्ली माझं काही खरं नाही."

डिंकाचा एक तुकडा निघून टेबलावर पडला. कात्रीनं तो बोटानं उचलला. बोलायची वेळ तेवढ्यात गेली.

मग जे झालं ते फार सभ्यपणे झालं. तात्यांना निरोप दिला, शाल दिली, भाषणं झाली. संचालकांनी 'अखंड साधना' हा शब्द तीनदा वापरला. कात्रीला खुर्ची मिळाली. घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ते तसेही थकलेच होते ना? आता बोलून कुणाचं भलं होणार?" कात्रीनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार. तात्या थकलेच होते. त्यांना विश्रांती मिळाली. घरी आरामात चहा पीत असतील. रोज सकाळी खुर्चीच्या कडेवर बसताना ती हे घोकायची, आणि दुपारपर्यंत ते पुरायचं.

मग औषधाच्या दुकानात काकू भेटल्या.

काकू म्हणजे तात्यांची बायको. कात्री नोकरीला लागली तेव्हा नवखी होती, एकटी राहत होती, आणि कित्येक संध्याकाळी काकूंच्या हातचं जेवली होती. काकूंनी तिचा हात धरला आणि बाजूला नेलं.

"बरं झालं भेटलीस. मी कुणाशी बोलू तेच कळेना. अगं, हे गॅसला हात लावत नाहीत. सकाळचा चहा जन्मभर यांनी केला, मला करू दिला नाही कधी. आता म्हणतात, पेटवीन आणि विसरीन, घराची राख करीन. घराची किल्ली माझ्या हातात दिली. एकटे कोपऱ्यापर्यंत जात नाहीत. शर्टाच्या खिशात घरचा पत्ता लिहून ठेवलाय."

"डॉक्टर काय म्हणतात?" कात्रीनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं उत्तम. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, माझा विसराळूपणा छापून आलाय." काकूंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "विसरायचे गं आधीही. चष्मा, छत्री, एकदा तर मलाच स्टेशनवर विसरून आले. पण विसरून हसायचे. आता विसरत नाहीत, आता घाबरतात."

कात्री औषध न घेताच घरी आली. तिनं तात्यांची खुर्ची घेतली, हे तिला ठाऊक होतं आणि ते तिनं कसंबसं पचवलंही होतं. पण खुर्चीबरोबर त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाही आपण उचलून आणला, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. असला पाजीपणा करायला मोठं धाडस लागत नाही. गप्प बसलं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता ती सरळ तात्यांच्या घरी गेली. काकू बाहेर गेल्या होत्या. दार शेजारणीनं उघडून दिलं, कारण काकू कुलूप लावून जात आणि किल्ली तिच्याकडे ठेवत. तात्या खिडकीशी बसले होते. समोर शब्दकोडं होतं, कोरं. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी काकूंनी भरून ठेवलेल्या थर्मासमधला चहा ओतला. दोन्ही हातांनी, हळू, सांडला तर काय होईल अशा धास्तीनं.

कात्रीनं सगळं सांगितलं. भांडण, फोन, 'तात्यांचाच बदल आहे', डिंकाची बाटली. एका दमात, खाली मान घालून.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग तिच्या हातावर थोपटलं.

"मनानं फार चांगली आहेस तू," ते म्हणाले. "काकूनं पाठवलं ना तुला?"

"नाही तात्या! खरंच मी केलं ते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"घाबरले."

"कुणाला, संचालकांना?" तात्या हसले. "भर सभेत 'हा शब्द तुम्हाला येत नाही' असं त्यांना सुनावणारी तू. वेडे, मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर बालंट घेऊ नकोस. तू असं केलंच नसतंस. माझ्या नावानं खोटं? तू? वीस वर्षं ओळखतो मी तुला."

दोघांपैकी एकावर अविश्वास ठेवायचा होता, आणि म्हाताऱ्यानं स्वतःला निवडलं होतं. कात्रीला वाटलं, याच्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

ती इरेला पेटली. "बरं. तुमची आठवण गेलीय ना? मग सांगा बघू, 'कन्व्हीनियंट'ची कुळकथा."

तात्यांनी डोळे मिटले. "लॅटिनमध्ये मूळ. एकत्र येणं, जुळणं. जे एकमेकांशी जुळतं ते शोभतं, म्हणून इंग्रजीत आला तेव्हा हा शब्द मोठा सज्जन होता. उचित, योग्य, माणसाला शोभेलसं. मग कुणीतरी विचारलं, उचित खरं, पण कुणाला? मला. मला उचित ते मला बरं पडणारं, बरं पडणारं ते बिनत्रासाचं. झाला सोयीचा. मग सोयीचं म्हणजे हाताशी असलेलं, म्हणून 'जवळचा' असाही अर्थ आला. मग लोकांना त्यातली लबाडी दिसायला लागली, आणि 'बरं सोयीचं पडलं हो तुम्हाला' असं टोमण्यानं बोलायला लागले. मग त्याचं नाम अदबीनं वापरायला लागले, 'आपल्या सोयीनं या'. आणि शेवटी नाक दाबून ज्याचं नाव घ्यायचं, त्या खोलीला लाजून नुसतं 'सोय' म्हणू लागले. उचितापासून मोरीपर्यंत. शब्द काय, माणूस काय, एकदम कुणी घसरत नाही. एकेक पायरी."

"एक शब्द चुकला नाहीत!" कात्री जवळजवळ ओरडली.

"जुनं राहतं गं. नवं जातं. असंच असतं हे." तात्या शांतपणे म्हणाले. "तो फोन मी तुला करायला सांगितला, ते बघ, मला अजिबात आठवत नाही."

कात्रीनं आपली पिशवी उचलली.

तिथून ती कचेरीत गेली. सगळे टेबलाभोवती होते, संचालकही आले होते. तिनं पिशवी खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवली, पण ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "फोन मी माझ्या मनानं केला. तात्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी त्यांचं नाव खोटं घेतलं आणि नंतर गप्प बसले."

टायपिस्टचे हात थांबले. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. संचालकांनी आधी दाराकडे पाहिलं, ते बंद आहे ना म्हणून.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "निरोप झाला, भाषणं झाली, वर्तमानपत्रवाले विसरले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आवृत्तीत वाक्यं सरळ करू. आता हे उकरून कुणाची सोय होणार आहे?"

"कुणाचीच नाही," कात्री म्हणाली. "तात्यांना तुम्ही स्वतः सांगा, एवढंच मागते."

"मी कसं सांगणार? म्हणजे आम्ही चौकशी न करता त्यांना घालवलं असं होईल."

"तसंच झालंय."

संचालकांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना एक काम आठवलं. कात्रीनं खिडकीजवळच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि आपल्या जुन्या जागेवर नेऊन ठेवली. तिथे ती पाठ टेकून बसू शकली असती, पण तिला बसायचं नव्हतं. ती पुन्हा तात्यांच्या घराकडे निघाली.

या वेळी काकूंनी दार उघडलं. तात्या तिथेच खिडकीशी होते. "आली बघ पुन्हा," ते कौतुकानं म्हणाले. "हिनं एक गोष्ट रचलीय माझ्यासाठी."

कात्रीनं तात्यांकडे पाहिलं नाही. काकूंकडे पाहून तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या, आणि त्यांच्या हातातला पुसण्याचा कपडा हळूहळू पिळला जात होता.

"फोनवर काय म्हणालीस?" काकूंनी विचारलं. "नेमके शब्द सांग."

"'तात्यांचाच बदल आहे. त्यांनी मला सांगायला सांगितलंय.'"

"आणि सगळ्यांसमोर यांना विचारलं तेव्हा तू तिथे होतीस."

"शेजारीच होते."

"अगं, जाऊ दे," तात्या म्हणाले, "ती उगाच..."

"तुम्ही गप्प बसा!" काकू कडाडल्या. तात्या दचकले. दारात आलेल्या माणसाला काकू जन्मात उलटून बोलल्या नव्हत्या. मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा त्या आधी पाणी विचारत. त्या कात्रीकडे वळल्या. "पोटच्या पोरीसारखं वाढलं मी तुला. माझ्या ताटातलं दिलं. माझा माणूस रोज सकाळी उठून स्वतःला विचारतो, आज वार कोणता, मी कोण, आणि उत्तर आलं तरी त्याला खरं वाटत नाही. मी त्याला कोंडून बाहेर जाते. कोंडून! आणि तुला ठाऊक होतं. त्या दुकानात मी तुझ्यापाशी रडले तेव्हाही तुला ठाऊक होतं. लाज नाही वाटली? शिक्षण घेतलंस, शब्दांचे अर्थ सांगतेस लोकांना, आणि एक शब्द तोंडातून निघाला नाही? एक?"

कात्री उभी राहून ऐकत होती. तिला रडू येत होतं, पण रडून सुटका करून घ्यायची हीही एक पळवाट, म्हणून तिनं ते गिळलं.

तात्या बायकोकडे बघत राहिले. ही बाई कुणाचं मन राखायला गोड बोलेल, पण कुणाला बरं वाटावं म्हणून संतापाचं सोंग तिला जमायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि कात्रीकडे पाहिलं. शंका असलेल्या मजकुराकडे ते बघायचे, तसं.

"केलंस तू हे?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"हो, तात्या."

"मी काहीच सांगितलं नव्हतं?"

"काहीच नाही. तुम्ही तर म्हणाला होतात, थोरल्याला उठवायचं नाही."

तात्यांनी मान हलवली. "तेच तर," ते म्हणाले. "मी म्हटलं, मी असं सांगेनच कसं? रोज म्हणायचो मनात. मग म्हणायचो, तात्या, आता तुमच्या 'कसं'ला काही अर्थ नाही." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. "म्हणजे मी ठीक होतो."

तात्या उठले. कात्रीच्या बाजूनं, तिला न पाहता, ते स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आला, आणि मग गॅस पेटल्याचा. काकूंचं पुढचं वाक्य अर्ध्यात राहिलं. हातातला कपडा तोंडाला लावून त्या भिंतीला टेकल्या.

"चहा ठेवलाय," तात्या आतून म्हणाले. "ती थांबणार असेल तर थांबू दे. मला आत्ता तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही."

कात्री थांबली. जायचंही धैर्य लागतं आणि थांबायचंही, आणि थांबणं तिला जास्त जड होतं. उघड्या दारातून तिला तात्यांची पाठ दिसत होती. चहा उकळला, त्यांनी गॅस बंद केला, कप भरले, एक थेंबही सांडला नाही. ट्रे उचलून ते दारापर्यंत आले. तिथे थांबले. ट्रे ओट्यावर परत ठेवला आणि गॅसचं बटण हात लावून पाहिलं. मग बाहेर आले, कप टेबलावर ठेवले, बसले, एक घोट घेतला.

"छान झालाय," काकू म्हणाल्या.

"हो ना?" तात्या म्हणाले, आणि कप खाली ठेवून उठले. "आलोच हं. एकदा बघून येतो."

ते आत गेले. काकूंनी कात्रीकडे पाहिलं. आत बटण पुन्हा दाबून पाहिल्याचा बारीकसा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा.